जस्ताची पूड आणि आभाळातली वीज

वैद्यांच्या दुकानातला खल ज्यांनी चालताना पाहिला, अशी माणसे आता थोडी उरली. काळ्या दगडाचा, होडीसारखा लांबट खल, त्यात तसाच गुळगुळीत बत्ता, आणि तो पुढेमागे ढकलीत बसलेला एक पोऱ्या. वैद्यबुवा गादीवर बसून नाड्या पाहत आणि पोऱ्या ओटीवर बसून खलत असे. सकाळी बसला तो दिवेलागणीलाच उठायचा. आपल्यासारख्या बघ्याला सकाळची पूड आणि संध्याकाळची पूड यांत काडीचा फरक दिसत नसे. वैद्यबुवांना दिसे. ते येऊन चिमूटभर पूड अंगठा आणि तर्जनी यांत चोळीत आणि बोटांवरच्या रेषांत ती शिरली की नाही ते निरखून पाहत. शिरली तर भस्म ‘रेखापूर्ण’ झाले. मग थोडी पाण्यावर सोडीत. तरंगली तर ‘वारितर’ झाले. या परीक्षांत पूड नापास झाली की एकच शब्द ऐकू येई, “खल!” आणि पोऱ्या बापडा पुन्हा सुरू.

या भस्मांत जसदभस्म नावाचे एक भस्म असते. यशद किंवा जसद म्हणजे आपले जस्त. जस्ती बादलीवर ज्याचा मुलामा असतो तेच. ते भाजून, कोरफडीच्या रसात खलून, पुटे देऊन त्याची राख करतात. रसायनशास्त्रात या राखेला झिंक ऑक्साइड म्हणतात. जुन्या ग्रंथांतले डोळ्यांत घालायचे पुष्पांजन, तेही हेच असावे असे जाणकार मानतात. (हे माहितीपुरते सांगितले. भस्मे आपल्या मनाने खाण्याचा सल्ला हे सदर कधी देणार नाही.)

तर यंदाच्या पावसाळ्यात मला या जसदभस्माची आठवण झाली, ती कुठल्या वैद्याच्या दुकानात नव्हे. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला, विजेच्या एका अवाढव्य केंद्राच्या तारेच्या कुंपणाशी उभा असताना झाली.

भद्रावतीच्या रेल्वे स्टेशनाचे नाव भांदक. गाव पुराणे आहे. विजासनची लेणी, नागमंदिर, जैनांचे पार्श्वनाथाचे देऊळ, शिवाय जवळच नव्या काळातली आयुधनिर्माणी. मातीकामातही या गावाचे नाव आहे. १९५० नंतरच्या दशकात कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी इथे ग्रामोदय संघ उभा केला आणि खेड्यातल्या कुंभारांना सुधारलेले चाक, भट्टी आणि झिलई यांचे शिक्षण देण्याचा उद्योग मांडला. झिलई म्हणजे बरणीवरचा तो काचेसारखा चकचकीत थर. तिची पूड अतिशय बारीक लागते, आणि ती दळण्याची जगभरची रीत अशी की, एका आडव्या पिंपात पूड, पाणी आणि कठीण गोट्या घालायच्या आणि पिंप तासन् तास फिरवीत ठेवायचे. हे पिंप वाचकांनी ध्यानात ठेवावे.

कारण त्याच गावात, ज्याला मातीकाम असे कोणी म्हणत नाही, असे दुसरे एक मातीकाम आहे आणि त्याचाही जन्म अशाच पिंपात झालेला आहे.

आधी विजेचे केंद्र कशासाठी ते थोडक्यात सांगतो. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा पुढेमागे होत असते. पश्चिमेकडच्या राज्यांचे विजेचे जाळे आणि दक्षिणेकडच्या राज्यांचे जाळे पूर्वी अगदी एका ठेक्यात नसत. तबलजी दोन आणि दोघांची लय निराळी, मग मैफल एकत्र करायची कशी? म्हणून गेल्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत भद्रावतीला असे केंद्र बांधले की, एकीकडची पुढेमागे होणारी वीज सरळ एका दिशेने वाहती करायची आणि तिथल्या तिथे दुसरीकडच्या लयीत पुन्हा पुढेमागे करून सोडायची. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर वाहिनीने दोन्ही जाळी एका लयीत जोडली गेली, ती पुढची गोष्ट. आणि चंद्रपूरहून तर १९९९ सालापासून पाच लाख व्होल्टच्या दाबाने सरळ वाहणारी वीज ७५२ किलोमीटर दूर, कल्याणजवळच्या पडघ्याला जाते. एका वेळी १५०० मेगावॅट. तिकडच्या एखाद्या घरात मिक्सरवर चटणी वाटली जाते तेव्हा तिच्यात चंद्रपूरच्या कोळशाचा वाटा असू शकतो, एवढे समजले तरी पुरे.

अशा केंद्राच्या कुंपणाबाहेरून काय दिसते? थाळ्यांची चळत उभी करावी तसे तपकिरी नाहीतर करडे खांब. बघणाऱ्याला वाटते, सगळे तारांना आधार द्यायला उभे आहेत. त्यांतले पुष्कळसे खरोखरच आधाराचे असतात. पण काही खांब पोकळ असतात आणि त्यांच्या पोटात काळपट हिरव्या चकत्या एकावर एक रचलेल्या असतात. त्या चकत्या जस्ताच्या राखेच्या, म्हणजे वैद्यबुवांच्या जसदभस्माच्याच जातीच्या. इंजिनियर मंडळी या खांबाला तडितरोधक म्हणतात. खांबावर चढणारे लोक नुसते ‘एल.ए.’ म्हणतात.

याचे काम मोठे चमत्कारिक आहे. एक टोक विजेच्या तारेला आणि दुसरे जमिनीत. रोजच्या दिवशी याने तारेतली वीज जमिनीत मुळीच जाऊ द्यायची नाही. ठार बहिरे होऊन उभे राहायचे. पण तारेवर आभाळातली वीज कोसळली की पापणी लवण्याच्या आत वाट मोकळी करून हजारो अँपिअरचा तो लोंढा जमिनीत सोडायचा आणि लोंढा ओसरताच पुन्हा दार लावून घ्यायचे. दार उघडायला उशीर झाला तर शेजारचा ट्रान्सफॉर्मर जळतो. दार मिटायला उशीर झाला तर तारेतलीच वीज जमिनीत वाहू लागते. आपल्या वाड्यांना पूर्वी दरवान असत. त्यांच्यातला फारच थोड्यांना हे साधले असेल.

जुन्या रोधकांत सिलिकॉन कार्बाइड वापरीत, धार लावायच्या दगडात असते तेच. त्यावरचा दाब दीडपट केला तर प्रवाह पाचसात पट वाढे. तेवढ्याने भागत नसे. शांततेच्या काळातही त्यातून वीज पाझरायची, म्हणून मध्ये हवेच्या फटी ठेवाव्या लागत आणि त्या फटी म्हणजे नव्या कटकटी. पुढे जपानात मात्सुशिता कंपनीच्या मिचिओ मात्सुओका यांनी जस्ताच्या राखेत दुसऱ्या धातूंच्या राखा मिसळून, भाजून केलेल्या चकत्यांचा अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध केला. ‘नॅशनल’ नावाचे रेडिओ ज्यांनी ऐकले आहेत त्यांनी या कंपनीचे काम घरात वापरले आहे. मात्सुओकांच्या चकतीवर दाब दीडपट झाला की प्रवाह लाखो पटींनी वाढे. मग फटी कशाला हव्यात? काही वर्षांत फटींचे रोधक मागे पडत गेले.

ही जादू कुठून येते ते फार सुंदर आहे. चकतीचा एक तुकडा घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर दगडी बांधकामासारखा दिसतो. जस्ताच्या राखेचे दगड, म्हणजे स्फटिककण, एकेक मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाएवढा. आणि दोन दगडांच्या मध्ये सांध्याची पातळ रेघ. दगडातून वीज सहज वाहते. सांधा मात्र अडवतो, आणि एक सांधा सुमारे ३ व्होल्टपर्यंत अडवतो, पुढे वाट देतो. चकती कितीही मोठी असो, कोणीही बनवलेली असो, हा आकडा बहुतेक तोच. म्हणजे बाकीचा सगळा खेळ नुसता सांधे मोजण्याचा. एका मिलिमीटरच्या जाडीत साठसत्तर दगड बसले तर जवळजवळ २०० व्होल्ट अडले. पाच लाख व्होल्ट अडवायचे तर अडीच मीटर उंचीची चळत हवी. प्रत्यक्षात सावधगिरी म्हणून याहून बरीच जास्त ठेवतात. तुमच्या टीव्हीच्या किंवा संगणकाच्या प्लगपट्टीत जी निळी टिकली फ्यूजच्या शेजारी बसलेली असते, ती याच घराण्यातली. तिच्यात सांधे थोडे, इतकेच.

म्हणजे सगळी मदार सांध्यांवर. आणि सांधे सारखे पडतील की नाही, हे भट्टीत ठरत नाही हो. त्याआधी, दळताना ठरते. मला या विषयात सर्वांत जास्त गोडी वाटली ती इथेच.

कृती सांगतो. पाककृतीच म्हणाना. शंभर भागांत नव्वदाहून अधिक जस्ताची पांढरीशुभ्र पूड. बाकीचे चिमूटचिमूट: बिस्मथ, अँटिमनी, कोबाल्ट, मँगनीज, क्रोमियम, निकेल, यांच्या ऑक्साइडच्या पुडी. प्रत्येक चिमटीला नेमून दिलेले काम आहे. बिस्मथ भट्टीत सव्वाआठशे अंशांच्या आसपास वितळतो आणि जस्ताच्या कणांमध्ये पसरून सांधा तयार करायला कारण होतो. अँटिमनी कणांना बेताल वाढू देत नाही. कोबाल्ट आणि मँगनीज यांच्यामुळे दार कधी उघडायचे आणि कधी मिटायचे यातली धार तीक्ष्ण होते. मँगनीज म्हटले की आम्हां नागपूरकडच्या माणसांची छाती फुगते, कारण नागपूर-भंडाऱ्याच्या खाणी प्रसिद्धच आहेत. पण या कामाला लागणारी पूड इतकी शुद्ध असावी लागते की खाणीतला खडा उचलून दळला, असे चालत नाही.

आता अडचण पाहा. बिस्मथची चिमूट नव्वद भागांत अशी पसरली पाहिजे की, चकतीच्या कोणत्याही कोपऱ्यात, टाचणीच्या टोकाएवढ्या जागेतही, प्रमाण तेच निघावे. तेही अशा पुडीत, की जिचे कण इतके बारीक असतात की एकमेकांना चिकटून गुठळ्या करतात. चमच्याने ढवळून हे होत नाही. म्हणून ते पिंप. पिंपात पुडी, पाणी आणि झिर्कोनियाच्या पांढऱ्या गोट्या. पिंप आडवे फिरते, गोट्या भिंतीबरोबर वर चढतात आणि वरून पुडीवर कोसळतात. एवढीच कल्पना. पण पिंप सावकाश फिरवले तर गोट्या तळाशी नुसत्या घसरतात, आणि जोरात फिरवले तर धुलाई यंत्रातल्या कपड्यांसारख्या भिंतीला चिकटून गरगरत राहतात. दोन्ही वेळी दळण शून्य. मधला एक वेग असतो, ज्याला गोट्या धबधब्यासारख्या पडतात. पिंपाजवळ काम करणारा माणूस तो वेग कानाने ओळखू शकतो. जात्यावरच्या बायका घास कमी पडला की जास्त, हे घरघरीवरून ओळखीत, तसेच.

गोट्या कशाच्या, यालाही महत्त्व आहे. पाट्याला नवी टाकी लावून घेतली की पहिल्या दिवसाची चटणी कचकचते, हे गृहिणींना सांगायला नको. पाटा स्वतःही थोडा वाटला जातो. पिंपातल्या गोट्याही झिजतात आणि त्यांची कच मालात उतरते. पोलादी गोट्या वापरल्या तर लोखंड उतरेल, आणि हा न मागितलेला मसाला शांततेच्या काळात वीज पाझरू देतो. म्हणून झिर्कोनियासारख्या, झिजल्या तरी फारसा उपद्रव न करणाऱ्या गोट्या. याच कारणाने ‘जितके जास्त दळाल तितके चांगले’ हेही खरे नाही. एका मर्यादेपुढे पूड सुधारत नाही, नुसती कच वाढते. वैद्यबुवांचे “खल!” कधी थांबवायचे हे ज्याला कळले तो या धंद्यातला जाणता.

आणि गुठळी राहिली तर? पिठल्यात गुठळी राहिली तर जेवणारा तोंड वाकडे करतो आणि जेवतो. चकतीत गुठळी राहिली तर तिथे सांधे कमी पडतात किंवा कमकुवत पडतात. एरवी कोणाला कळत नाही. पण वीज कोसळली की सगळा लोंढा वाटून घेतला जाण्याऐवजी त्या एका अशक्त जागेकडे धावतो. ती जागा तापते. तापली की आणखी वाट देते. वाट दिली की आणखी तापते. क्षणभरात चकतीला सुईने टोचल्यासारखे आरपार भोक पडते किंवा ती तडकून दोन तुकडे होतात. हजारो सांधे धडधाकट असून एका गुठळीपायी दरवान दारातच आडवा.

दळणानंतरची कामे भराभर सांगतो. पातळ लापशी गरम हवेत फवारतात, तिचे रव्यासारखे दाणे होतात. दाणे साच्यात दाबून चकत्या पाडतात. त्या साधारण १२०० अंशांवर तासन् तास भाजतात. भाजताना त्या आक्रसतात आणि पांढरट होत्या त्या काळपट होतात. कडेला काचेचा थर, वरखाली ॲल्युमिनियमचा फवारा, आणि मग परीक्षा: खोटी वीज पाडून मार द्यायचा, जी टिकेल ती पास. महाराष्ट्रात हा धंदा नवा नाही. नाशिकच्या अंबड वसाहतीत असे रोधक बनतात. पुण्याजवळ चिंचवडला एल्प्रोच्या कारखान्यातही वर्षानुवर्षे बनत असत. त्या जागी आता मोठा मॉल उभा आहे. तिथल्या झगमगाटात फिरणाऱ्या तरुण मंडळींना, आपण खरेदी करतो त्या जागी एके काळी आभाळातल्या विजेशी झुंजायची सामग्री तयार होत होती, याची कल्पना असण्याचे कारण नाही.

अलीकडे या दळणाने एक वेगळे वळण घेतले आहे. इतका वेळ सांगितले ते दळणे म्हणजे बारीक करणे आणि मिसळणे. नवी कल्पना अशी की, गोट्या इतक्या जोराने आदळवायच्या की पुडींचा एकमेकींशी संयोग पिंपातच सुरू व्हावा, भट्टीचे निम्मे काम बत्त्यानेच करावे. आपल्याकडे हे अपूर्वाईचे नाही. पारा आणि गंधक एका खलात घालून अग्नीशिवाय घोटत राहिले की चकाकणारा पारा नाहीसा होतो आणि काजळासारखी काळी पूड उरते. वैद्य तिला कज्जली म्हणतात. दोन पदार्थांचा तिसरा पदार्थ झाला, तोही नुसत्या घोटण्याने. ग्रीसच्या थिओफ्रास्टसने दोन हजार वर्षांपूर्वीच, हिंगूळ तांब्याच्या खलात व्हिनेगर घालून घोटला की पारा सुटतो, असे लिहून ठेवले. मायकेल फॅरेडेने १८२० साली चांदीचे क्षार जस्ताबरोबर खलून त्यांतली चांदी मोकळी केली. म्हणजे कल्पना जुनी. नवे आहे ते यंत्राचे बळ. १९६६ साली अमेरिकेत जॉन बेंजामिन यांनी विमानाच्या इंजिनासाठी निकेलची मिश्रधातू वितळवून नव्हे तर दळून तयार केली, तेव्हापासून या बळाचा बोलबाला झाला.

चकत्यांच्या बाबतीत हा प्रयोग कॅनडातल्या हायड्रो-क्वेबेकच्या संशोधकांनी १९९० नंतरच्या दशकात केला. त्यांनी पूड जोरदार गिरणीत इतकी दळली की तिचे स्फटिक मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्शाच्या घरात गेले. अशी पूड कमी उष्णतेत आणि कमी वेळात भाजून निघते, दगड लहान राहतात, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये सांधे जास्त बसतात आणि चकती पातळ करता येते. ऐकायला फार गोड आहे. पण मला विचाराल तर कारखानदाराने अजून सावकाश फिरणारे पिंप सोडलेले नाही, यात त्याचा आळस नाही. जोराच्या दळणात गोट्यांची झीज जास्त, म्हणजे कच जास्त. आणि एका वेळी माल थोडा निघतो. प्रयोगशाळेत मूठभर पूड उत्तम करणे निराळे आणि रोज टनावारी तितकीच उत्तम करणे निराळे. लग्नाच्या पंगतीचे पिठले करून पाहिलेल्यांना हे पटेल.

भद्रावतीहून मी गडचिरोलीकडे गेलो. १९८२ साली चंद्रपुरातून निघालेला हा जिल्हा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना साग, मोह, बांबू आणि मधूनमधून धानाची बांधी. विजेच्या तारा या रानातून मैलोगणती जातात. धानोऱ्याच्या पुढे एका गावाच्या कडेला, दोन खांबांवर बसवलेल्या ट्रान्सफॉर्मरपाशी, एक वायरमन शिडी लावत होता. ट्रान्सफॉर्मरला आपल्या खेड्यांत कोणी ट्रान्सफॉर्मर म्हणत नाही. तो पेटाऱ्यासकट ‘डीपी’ असतो. वर तीन करडे एल.ए. होते, वीतभर उंचीचे. आत राणीछाप रुपयाएवढ्या चारदोन चकत्या असाव्यात. दोघांच्या बुडाशी तार घट्ट होती. तिसऱ्याची तार सुटून लोंबत होती.

“हे तुटले वाटते?” मी विचारले.

“तुटला नाही भाऊ, त्यानंच सोडला,” तो म्हणाला. “परवा कडकडली ना, तेव्हा हा गेला. गेला की बुडाचा जोड आपोआप फुटते अन् तार लोंबते. लोंबली की आपल्याला खालूनच दिसते, हा मेला म्हणून. तो मेला म्हणून डीपी राहिली. नाही तं सारा गाव अंधारात.”

“आणि बदलला नाही तर?”

“मंग पुढच्या खेपेले डीपी.”

डीपी जळणे म्हणजे काय, हे शहरात कळत नाही. आपल्याकडे दोन तास वीज गेली की आपण फोनवर फोन करतो. इथे नवी डीपी गाडीत घालून आणायची, रस्ता असेल तर. भामरागडकडे पर्लकोटा नदीला पूर आला की तो सगळा भाग वर्षानुवर्षे तुटत आला आहे. पाणी उतरेपर्यंत डीपीच काय, माणूसही पलीकडे जात नाही. आणि वीज कोसळायचे दिवस आणि पुराचे दिवस एकच. तेवढ्या दिवसांत नळाचा पंप बंद, पिठाची गिरणी बंद, आरोग्य केंद्रातले लसींचे शीतकपाट बर्फाच्या भरवशावर. मोबाइल भरून आणायला पोरे पलीकडच्या गावी जातात. त्या मानाने हा एल.ए. म्हणजे किरकोळ किमतीची वस्तू, डीपीच्या पासंगालाही न पुरणारी.

वायरमनने आधी फोन करून लाइन बंद करून घेतली, पुन्हा एकदा विचारून खात्री केली, तारांना अर्थिंग लावले, मग चढला. या क्रमात त्याने घाई केली नाही. मेलेला एल.ए. काढून त्याने खाली दोरीने सोडला. मी हातात घेतला. वरून धड होता, एक ओरखडा नाही. आत कुठल्या तरी चकतीला सुईएवढे भोक पडले असेल, किंवा वीजच एवढी मोठी असेल की कोणतीही चकती टिकली नसती. बाहेरून सांगता येत नाही.

नवा बसवून उतरल्यावर तो जमिनीत शिरणाऱ्या पट्टीपाशी उकिडवा बसला. एल.ए. कितीही चांगला असो, लोंढा घ्यायला जमीन तयार नसेल तर त्याने जायचे कुठे? म्हणून खड्डा खणून त्यात कोळसा आणि मीठ भरतात आणि तो ओला ठेवतात. खडकाळ जमिनीत उन्हाळ्यात हा ओलावा पार आटतो, आणि पहिला वळवाचा पाऊस कडकडत येतो तो नेमका तेव्हाच. भोवती जमलेल्या पोरांना त्याने बजावले, “उन्हाळ्यात या खड्ड्यात रोज बादलीभर पाणी टाकजा. डीपीले हात नाही लावायचा, कुंपणाच्या बाहेरून टाकजा.” पोरांनी माना डोलावल्या. त्यांतली एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, “बोअरिंगचं पानीच येत नाही उन्हाळ्यात.” यावर तो काही बोलला नाही.

तोवर पश्चिमेकडे आभाळ भरून आले होते. त्याने पिशवी आवरली. तिच्यात नवे एल.ए. दोन उरले होते, आणि त्या दिवसाच्या त्याच्या वाटेवर तार लोंबणाऱ्या डीप्या तीन. तिसरीचे काय करणार, म्हणून मी विचारले.

“मागवला हाय,” तो म्हणाला आणि त्याने मोटारसायकलला किक मारली.